उलट्या अक्षरांची फर्मास

भाईंदरच्या पूर्व भागांत खारी नांवाचें गांव आहे. आज तें शहराच्या वस्तींत पार मिसळून गेलें आहे. तेथील एकाद्या गृहस्थानें नवें घर घेतलें आणि दर्शनी दाराला कोरींव नक्षीची कांच बसवावी असें त्याच्या मनांत आलें, म्हणजे तो कांचकाम करणाऱ्याच्या दुकानीं जातो. मोर, वेल, कमळ, घराचें नांव, यांपैकीं कांहीं तरी पसंत करतो, विसार देतो, आणि ठरल्या दिवशीं कांच पाहावयास परत येतो. मधल्या दिवसांत दुकानाच्या मागील बाजूस काय घडतें, याची त्याला फारशी कल्पना नसते. कारागीर वाळूच्या झोतानें किंवा फिरत्या चाकानें कांचेचा पृष्ठभाग झिजवीत असतो. दाराची कांच पुष्कळदां पाठीमागच्या अंगानें कोरतात. त्यामुळें पुढचें अंग गुळगुळीत राहतें व पुसावयास सोपें जातें. परंतु मग घराचें नांव कारागिराला उलटें कोरावें लागतें. तेव्हां कोठें तें दारापुढें उभ्या राहिलेल्या पाहुण्याला सुलट वाचतां येतें. फर्मास देणाराच्या डोळ्यांपुढें पुरें झालेलें काम असतें. कारागिराच्या डोळ्यांपुढें त्याची उलटी बाजू असते.

देणारा आणि करणारा यांच्यामधील हा व्यवहार फार जुना आहे. सम्राट दुसरा रुडॉल्फ यानें इ. स. १६०९ मध्यें प्राग येथें कास्पार लेहमान नांवाच्या कारागिरास कांच कोरण्याचा खास हक्क दिला. रत्नें कोरण्याचें चाक लेहमाननें कांचेवर चालविलें, आणि पुढें बोहेमियाची कोरींव कांच युरोपभर नांवाजली गेली. वाळूच्या झोतानें कठीण पदार्थ कोरण्याच्या युक्तीचें पेटंट बेंजामिन टिल्घमन या अमेरिकन गृहस्थानें १८७० सालीं घेतलें. महाराष्ट्रांत मात्र कोरणीचा जुना मान कांचेला नव्हे, तर तांब्याला मिळाला. आणि उलट्या अक्षरांची एक विलक्षण फर्मासहि तांब्यावरच दिली गेली. ती फर्मास पुण्यास नाना फडणिसांनीं दिली आणि मिरजेस ती पुरी झाली. तीपासून मराठी माणसाला काय मिळालें आणि काय मिळावयाचें राहून गेलें, हें आजहि ध्यानांत घेण्यासारखें आहे.

तांबें कोरण्याची विद्या या भूमीला नवी नव्हती. खारी ज्या साष्टी बेटांत वसली आहे, त्या बेटाचा उल्लेख उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत ‘षट्षष्टि’, म्हणजे सहासष्ट गांवांचा प्रदेश, असा येतो. शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट १७८७ मध्यें ठाण्यास सांपडला. अशा ताम्रपटांचा क्रम ठरलेला असे. राजा दान देई, विद्वान् मजकूर रची, आणि कोरणारा तो पत्र्यावर उतरवी. दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावें अशी देणाराची इच्छा. म्हणून कागद किंवा भूर्जपत्र न घेतां धातूची निवड होई. कित्येक ताम्रपटांच्या अखेरीस मजकूर लिहिणाराचें, आणि क्वचित् कोरणाराचेंहि नांव आढळतें. राजाच्या बिरुदावलीनंतर पांचपन्नास ओळींनीं कां होईना, ज्याच्या हातानें अक्षर उमटलें त्याला एक ओळ मिळे.

ताम्रपटांतील अक्षरें सुलट असत. तीं वाचण्यासाठीं असत, छापण्यासाठीं नव्हत. पण उलटीं अक्षरेंहि येथील कारागिरांना परकीं नव्हतीं. मराठी अमदानींत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटीं मोर्तब होई. तो शिक्का धातूवर उलटा कोरलेला असल्यावांचून कागदावर सुलटा उठत नसे. टांकसाळींतील नाण्यांचे ठसेहि तसेच. म्हणजे उलटें कोरून सुलटें उमटविण्याची कला गांवोगांवीं होती. त्या कलेनें चार शब्दांच्या शिक्क्याऐवजीं संबंध ग्रंथ उमटवावा, हा विचार तेवढा कोणाला सुचला नव्हता.

छापखाना तर शेजारींच येऊन बसला होता. गोव्यास तो १५५६ सालीं आला. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें तेथें छापलें गेलें, तें मराठी भाषेंत, पण रोमन लिपींत. कारण नागरी खिळे नव्हते. हे खिळे करून घ्यावे असें ज्या हिंदी गृहस्थाच्या मनानें घेतलें, तो राजा नव्हता, कीं पंडित नव्हता. तो सुरतेच्या इंग्रज वखारीचा दलाल भीमजी पारेख होय.

भीमजीची इच्छा अशी कीं, आपल्या जुन्या ब्राह्मणी ग्रंथांतील कांहीं ग्रंथ छापून निघावे. त्यानें कंपनीकडे मुद्रक मागितला. कंपनीनें हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक सालीना पन्नास पौंड पगारावर धाडला. तो १६७४ सालीं मुंबईस येऊन पोंचला. छापण्याचें यंत्र आलें, माणूस आला, पैसा भीमजीजवळ होताच. पण हिल्सला खिळे जुळवितां येत होते आणि छापतां येत होतें. नवीं अक्षरें कोरून ओततां येत नव्हतीं. गवंडी मागवावयाचा तेथें रंगारी यावा तसें हें झालें ! भीमजीनें हात टेंकले नाहींत. त्यानें आपलींच माणसें त्या कामाला लाविलीं. त्यांनीं केलेल्या अक्षरांचे कांहीं कागद छापून निघाले. ते चांगले वाचतां येतात, पण अनुभवाच्या अभावीं काम फार खर्चाचें व फार सावकाश होतें, असें सुरतेच्या इंग्रजांनीं विलायतेस कळविलें. अक्षर ओतणारा माणूस भीमजीच्या खर्चानें पाठवावा अशी विनंतीहि त्यांनीं केली. इतकें होऊनहि त्या खटपटींतून ग्रंथ असा बाहेर पडला नाहीं. भीमजीनें मागणी केली ती अचूक. तिला जो कारागीर मिळाला तो दुसऱ्याच कामाचा.

यानंतर शंभरावर वर्षें लोटलीं. १७८६ मध्यें सर चार्ल्स मॅलेट पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आला. त्याला चित्रांचा आणि प्राचीन लेण्यांचा नाद होता. त्याच्या आश्रयास जेम्स वेल्स हा स्कॉच चित्रकार पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचें त्यानें १७९२ मध्यें रंगविलेलें चित्र प्रसिद्धच आहे. त्याच्या हाताखालीं पुण्याची मंडळी पाश्चात्त्य पद्धतीचें चित्रकाम शिकूं लागली. त्यांत गंगाराम चिंतामण नवगिरे हा तांबट फार हुषार निघाला. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहांतील गेंड्याचें १७९० मधील चित्र त्याच्या हातचें आहे. मॅलेटच्या सांगण्यावरून त्यानें वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं. पर्वतीचें देवालयहि रेखाटलें. हीं चित्रें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. भांडीं घडविणाऱ्या जातींत जन्मलेल्या या कलावंताचें नांव टिकलें, कारण त्याच्या मालकानें चित्रांबरोबर चित्रकाराचेंहि नांव नमूद करून ठेविलें.

याच पुण्यांत, याच शिक्षणाच्या वाऱ्यांत, एक तांबट पत्र्यावर कोरून छापण्याची युक्ति शिकला. आणि त्याला नाना फडणिसांनीं भगवद्गीतेचे पत्रे कोरण्याचें काम सांगितलें. छापलेल्या प्रती ब्राह्मणांना द्याव्या, असा नानांचा हेतु होता असें सांगतात.

या फर्माशीचें मोल समजण्यासाठीं त्या काळचें पोथीलेखन डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. एक पोथी हवी, तर लेखकानें बैठक मारून ती आरंभापासून लिहावी. दुसरी हवी, तर पुनः आरंभापासून. दहावी प्रत पहिलीपेक्षां स्वस्त पडत नसे, आणि प्रत्येक नकलेबरोबर नव्या चुका शिरत. पत्र्याचें तसें नाहीं. पहिल्या प्रतीला अफाट श्रम. पण एकदां पत्रा शुद्ध झाला कीं मागाहूनची प्रत्येक प्रत तितकीच शुद्ध. सरकारी हिशेब ज्याच्या हातीं आयुष्यभर होते, अशा माणसाला हा हिशेब उलगडून सांगावा लागला नसेल.

आतां कारागिराच्या बाजूनें तेंच काम पाहावें. गीतेचे श्लोक सातशें. त्यांतील बहुतेक अनुष्टुभ्, म्हणजे बत्तीस अक्षरांचे. उरलेले त्याहून मोठे. नुसत्या श्लोकांचीं अक्षरें बावीस हजारांवर जातात. शिवाय ‘उवाच’ आहेत आणि अठरा अध्यायांच्या समाप्ती आहेत. यांतील प्रत्येक अक्षर उलटें कोरावयाचें. नागरी लिपि उलटी लिहून पाहिली म्हणजे ही अडचण कळते. ओळ उजवीकडून डावीकडे चालते. काना अक्षराच्या डावीकडे जातो. डावीकडची ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे येते. जोडाक्षरांचीं अंगें जागा पालटतात. तांबटाचा हात मुळांत भांडें ठोकण्यास आणि मठारण्यास सरावलेला. तेथें एकादा ठोका इकडेतिकडे पडला तर भांड्याला खोड येत नाहीं. येथें रेघ एक केसभर सरली तर ‘घ’ चा ‘ध’ होणार. चूक सांपडली तर पत्रा मागून ठोकून वर आणावा, पुढून घासून सपाट करावा, आणि पुनः कोरावा. तपासणाऱ्या शास्त्र्याला तो पत्रा आरसा समोर धरल्यावांचून धड वाचतांहि यावयाचा नाहीं. एकाला संस्कृत येतें पण उलटें वाचतां येत नाहीं. दुसऱ्याला उलटें कोरतां येतें, परंतु तो संस्कृतांतला पंडित नाहीं. अशा दोघांनीं मिळून तो ग्रंथ शुद्ध उतरवावयाचा होता.

काम सावकाश चालणारें, आणि काळ तर धांवत सुटलेला. १७९५ मध्यें साष्टींतील लेण्यांच्या कामावर असतांना वेल्स ठाण्यास वारला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून मरण पावले. दोन वर्षांनीं मॅलेटहि पुण्याहून गेला. १७९७ च्या शेवटच्या दिवशीं शिंद्यांच्या लोकांनीं नानांना दग्यानें कैद केलें. अहमदनगरच्या किल्ल्यांतून सुटून ते पुनः कारभारावर आले खरे, पण १३ मार्च १८०० रोजीं त्यांचें देहावसान झालें. ज्यानें फर्मास दिली तो गेला. ज्यांच्यामुळें ती विद्या पुण्यास आली ते अगोदरच गेले होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं होळकरांनीं हडपसराजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाले, आणि खारीच्या उत्तरेस खाडीपलीकडे जें वसई, तेथें त्याच सालच्या ३१ डिसेंबरला त्यांनीं इंग्रजांशीं तह करून आपलें स्वातंत्र्य गहाण टाकलें. अशा दिवसांत एका तांबटाच्या अर्ध्यामुर्ध्या पत्र्यांची चौकशी पुण्यांत कोण करणार ?

ती मिरजेस झाली. मिरजेचे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनीं त्या कारागिराला आपल्याकडे बोलाविलें आणि गीतेचें काम पुरें करून घेतलें. स्वतः पटवर्धनांच्या घरांतहि तेव्हां स्वस्थता नव्हती. पुतणे चिंतामणराव वाटणी घेऊन नुकतेच सांगलीस वेगळे झाले होते. तरीहि त्यांनीं दुसऱ्यानें दिलेली, मालकावांचून पडलेली फर्मास उचलली. नवें काम सांगून त्यावर स्वतःची छाप मारणें सोपें असतें. दुसऱ्याच्या मनांतलें काम पुरें करण्यास मन मोठें लागतें. १८०५ मध्यें गीता छापून निघाली. मराठी मुलुखांत, मराठी आश्रयदात्यांच्या पैशानें, मराठी कारागिराच्या हातानें तयार झालेला हा नागरी छपाईचा ग्रंथ होय. नानांच्या पश्चात् पांच वर्षांनीं त्यांची इच्छा कागदावर उमटली.

कथेचा शेवट येथें केला तर ती गोड होईल. पण इतिहास पुढें चालतो. त्याच १८०५ सालीं, हजार मैलांवर बंगालच्या श्रीरामपुरास, विल्यम केरी या मिशनऱ्यानें मराठी भाषेचें व्याकरण छापलें. त्याला मराठी शिकविणारे पंडित वैजनाथ होते. त्यांतील नागरी अक्षरें मात्र पत्र्यावर कोरलेलीं नव्हतीं. ते सुटे खिळे होते. या खिळ्यांमागें लोहारांच्या कुळांतील पंचानन कर्मकार नांवाच्या बंगाली कारागिराचा हात होता. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखालीं १७७८ मध्यें बंगाली खिळे करतांना तो ही विद्या शिकला, आणि त्याच्यामागें ती त्याचा जांवई मनोहर यानें चालविली.

एकाच सालच्या या दोन पुस्तकांतील भेद कागदाचा किंवा शाईचा नाहीं. तो फर्माशीचा आहे. नानांनीं गीता मागितली आणि गीता मिळाली. गीतेचा पत्रा म्हणजे गीताच. त्यांतून ज्ञानेश्वरी निघत नाहीं, पंचांग निघत नाहीं, मुलांची अंकलिपि निघत नाहीं. दुसरा ग्रंथ हवा तर दुसरे पत्रे, पुनः तितकींच वर्षें. श्रीरामपूरकरांनीं कारागिराकडून ग्रंथ मागितला नाहीं, अक्षरें मागितलीं. अक्षरें एकदां हातीं आलीं कीं आज व्याकरण, उद्यां कोश, परवां आणखी कांहीं. भीमजी पारेखानें सव्वाशें वर्षांपूर्वीं हेंच मागितलें होतें. त्याची मागणी नीट होती, पण माणूस मिळाला नाहीं. नानांना माणूस मिळाला होता. मागणी एका ग्रंथापुरती राहिली. मागणारा आणि करणारा यांची गांठ पडूनहि, काय मागावें हें न सुचल्यामुळें, विद्या दाराशीं येऊन परत गेली. यांत नानांना दोष देण्याचें कारण नाहीं. ज्याच्यापुढें खिळ्यांचा छापखाना कधीं मांडलेला नव्हता, त्यानें पोथीचा विचार करावा हें स्वाभाविकच आहे. परंतु परिणाम व्हावयाचा तो झालाच. मिरजेच्या गीतेला भावंडें झालीं नाहींत.

ती गांठ अखेर मुंबईंत पडली, आणि तेथें फर्मास देणारा व काम करणारा हे एकाच वर्गांतून निघाले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत थॉमस ग्रॅहम यानें मराठी अक्षरांवर मेहनत घेतली होती. तेथेंच काम पाहिलेल्या गणपत कृष्णाजींनीं स्वतः यंत्र उभें करून १८३१ मध्यें शिळाछापावर पंचांग काढलें. छापाच्या शाईंत चरबी असते म्हणून सोंवळे लोक पुस्तकाला शिवत नसत. तेव्हां गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप घातलें. गिऱ्हाईक काय मागतें तें ज्याला कळलें, त्याचाच धंदा चालला. पुढें ग्रॅहमच्याच हाताखालीं तयार झालेले जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे सोबती राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या नागरी अक्षरांचा लौकिक देशभर झाला. निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्या काशीपर्यंत गेल्या. जावजींनीं राणोजींकडून एक पुस्तक मागितलें नाहीं. पुस्तकांचें बीं मागितलें.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. गंगाराम तांबटाचें नांव आपणांस ठाऊक आहे, पंचानन कर्मकाराचें आहे, राणोजी आरूंचेंहि आहे. मिरजेची गीता ज्यानें कोरली, त्याला मात्र ही हकीगत सांगणारे केवळ ‘तांबट’ म्हणतात. नानांचें नांव त्या ग्रंथाबरोबर राहिलें, गंगाधररावांचें राहिलें; बावीस हजारांवर उलटीं अक्षरें ज्यानें सुलट वाचतां येतील अशीं उतरविलीं, त्याच्या वांट्याला जातीचें नांव आलें. आठशें वर्षांपूर्वींचे ताम्रपट या बाबतींत अधिक उदार होते.

म्हणून आज कोणी खारीस किंवा आणखी कोठें दाराच्या कांचेवर नक्षी कोरून घ्यावयास निघाला, तर दराची चौकशी झाल्यावर त्यानें आणखी दोन प्रश्न विचारावे. कारागिराला यापेक्षां अधिक काय करतां येतें, हा पहिला. कारण बोलूनचालून मागितलेलें काम पुष्कळदां मनांत योजलेल्या कामाहून सरस उतरतें. दुसरा प्रश्न त्याच्या नांवाचा. कांचेच्या एका कोपऱ्यांत, वेलीच्या शेवटच्या पानाखालीं, त्या नांवाला बोटभर जागा सहज मिळेल. तें उलटें कसें कोरावें, हें त्याला शिकवावें लागणार नाहीं.